बाथरूम बघून घेतलेलं हॉटेल

श्रीलंका फार सुंदर देश आहे. आमचं हॉटेलही फार सुंदर होतं.

या दोन ओळी शेजारच्या साहू दीदींसाठी. त्यांना मराठी वाचता येतं, पण दोन ओळींच्या पुढं कंटाळा येतो. तेव्हा खरं काय झालं ते आता निवांत सांगतो.

मी फरशी मिस्त्री. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून सातवी अर्धवट टाकून रायपूरला आलो, तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्यही झालं नव्हतं. मग राज्य झालं, माळरानावर नवी राजधानी उठायला लागली, आणि फरशीवाल्याला बसायला फुरसत उरली नाही. माझ्या हातची फरशी बऱ्याच मोठ्या माणसांच्या पायाखाली आहे. त्यांना ते माहीत नाही, मला माहीत आहे, एवढ्यावर मी खूश असतो. तसा मी भित्रा माणूस. कुठं इंग्रजीत बोर्ड दिसला की आधी खिशातलं आधार कार्ड चाचपतो. आणि कोणी खुर्ची दिली तर दोनदा धन्यवाद म्हणतो, एकदा बसताना आणि एकदा उठताना.

रायपूर

टाइल चिकटवायचं केमिकल थैलीत येतं. थैली फोडली की आत एक कूपन निघतं. ते खरवडून मोबाइलला दाखवलं की कंपनीकडं आपल्या नावानं पाइंट चढतात. साइटवर कूपनांना पाय फुटतात, म्हणून माझ्या कामावरची प्रत्येक थैली मी स्वतः फोडायचो. ठेकेदार म्हणायचा, "मिस्त्री को देखो, इतना सीनियर होके भी खुद बोरी खोलता है." मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

चार वर्षांत बरेच पाइंट जमले. पाइंटांच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूंच्या कंपनीच्या यादीत मिक्सर होतं, कटर मशीन होती, आणि समोरून गोल दार असलेली एक वॉशिंग मशीन होती. ती मशीन रत्नानं, म्हणजे माझ्या बायकोनं, केव्हाच आपली मानली होती. मोरीत तिची जागा रिकामी करून ठेवली होती. नळाची तोटीही मी बसवून दिली होती.

मग आमच्या प्रज्ञाला मुलगी झाली. प्रज्ञा मेलबर्नला नर्स आहे. नात दोन महिन्यांची झाली तशी तिनं आम्हा दोघांची तिकिटं काढली, व्हिसा काढला, आणि फोनवर म्हणाली, "बाबा, तिकीट स्वस्तातलं आहे, म्हणून मधात कोलंबोला दोन रात्री थांबा लागते. विमानतळाच्या खुर्चीवर बसून नका काढू. हॉटेल मी बुक करून देते."

"नाही बाप्पा," मी म्हटलं. पोरीनं एवढं केलं, आता हॉटेलही तिच्याच डोक्यावर? आणि मला आठवलं की कंपनीच्या यादीत शेवटच्या पानावर विदेशातली हॉटेलं आहेत. तिथपर्यंत आजवर कोणताच मिस्त्री गेला नसावा.

रत्ना चूल पुसत होती. मी हळूच सांगितलं. ती पुसायची थांबली.

"म्हनजे मशीन गेली."

"गेली नाही, लांबली."

"गेली," ती म्हणाली. "ठीक हाय. पोरीसाठी गेली. पन मंग समुद्र पायजे. मी जनमात समुद्र नाही पाहिला. साहू दीदी तीन खेपा पुरीले जाऊन आल्या, हर खेपेले शिंपले आनून मलेच दाखोते. मले खिडकी उघडली का समुद्र दिसला पायजे. नाही दिसला, त घरी आल्यावर तुमचे कपडे तुम्हीच धुवाल. सिमेंटचे बी. जिंदगीभर."

एवढं बोलून ती अंगणात गेली आणि कुंपणावरून साहू दीदींना सांगून आली की आम्ही समुद्राच्या हॉटेलात उतरणार आहोत. दीदी म्हणाल्या, "हव, जाओ जाओ. उहाँ ले मोला फोन में दिखाना."

तिथून त्यांना फोनवर समुद्र दाखवायचं ठरलं; आता मागं फिरायची सोय उरली नाही.

माझ्या पाइंटांत बसतील अशी तीन हॉटेलं होती. मी आठ दिवस त्यांचे फोटो पाहिले. शहाणा माणूस फोटोत समुद्र पाहील. मी बाथरूम पाहिलं. माझा अनुभव सांगतो, समोरची खोली सगळेच हॉटेलवाले चकाचक करतात; मालकाची दानत कळते ती बाथरूमच्या कोपऱ्यात. पहिल्या हॉटेलच्या फोटोत मागं लाटा उसळत होत्या, पण बाथरूमच्या दारातच दोन बोटं रुंदीची पट्टी लावलेली. अख्खी टाइल बसत नाही तिथं तुकडा लावावा लागतो, कबूल. पण तो तुकडा दाराआड लपवायचा असतो, बेसिनखाली सारायचा असतो. जो दारातच पट्टी लावतो, तो पाहुण्याला काय विचारणार? दुसऱ्या हॉटेलात ढाळ उलटा होता; जाळी एका कोपऱ्यात आणि पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. तिसऱ्याचा फोटो उघडला आणि मी उठून बसलो. दारापासून अख्खी टाइल. ढाळ असा की डोळ्याला दिसू नये. जमिनीचा सांधा जिथं संपतो, नेमका तिथूनच भिंतीचा सांधा वर चढलेला, एका रेषेत, चारही बाजूंनी. असं काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो माझा उस्ताद, आणि तो वारला.

फोटोखाली इंग्रजीत बरंच लिहिलं होतं. नकाशाही होता. तो मी पाहिला नाही. श्रीलंका हे बेट आहे, बेटाच्या चारही बाजूंना पाणी असतं, हे सातवीच्या आधीच शिकवतात. मग बेटावर समुद्र सोडून हॉटेल बांधणार तरी कुठं?

मी बटण दाबलं आणि चार वर्षांच्या थैल्या एका क्षणात रिकाम्या झाल्या.

"समुद्राचंच हाय ना?" रत्नानं विचारलं.

"त नाही त काय," मी म्हटलं.

पहिला दिवस

विमानाचं काही सांगत नाही. ज्याचं भय त्याच्याजवळ. एवढंच सांगतो की हवाई सुंदरीनं पाणी दिलं तेव्हा मी तिला दोनदा धन्यवाद म्हटलं आणि रत्नानं मला कोपरखळी मारली.

कोलंबोच्या विमानतळावर हॉटेलनं पाठवलेला माणूस माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. आपलं नाव असं परक्या देशात लिहिलेलं पाहून मी ते दोनदा वाचलं. त्याचं नाव सुनील. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हाक मारली तर चार सुनील बाहेर येतील. हा दुबईत आठ वर्षं ड्रायव्हर होता, तिथं हिंदुस्तानी लोकांत राहून हिंदी शिकलेला. गाडी म्हणजे आपल्यासारखीच ऑटो, फक्त लाल आणि जास्त स्वच्छ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माड, पिवळे नारळ, केळीचे घड टांगलेली दुकानं. शाळेतली पोरं पांढऱ्या कपड्यांत. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. रायपूरच्या माणसाला एवढ्या शांततेत काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

पाऊण तासानं सुनील हात लांब करून म्हणाला, "उधर समुंदर."

रत्ना त्या बाजूला सरकली. पदर सावरला. आणि ऑटो विरुद्ध बाजूला वळली.

वाटलं, फिरून जात असेल. मग माड विरळ झाले, बांध आले, बांधांवर बगळे आले, आणि बघता बघता दोन्हीकडं हिरवंगार धान पसरलं. एक म्हैस चिखलात बसलेली. रत्ना आधी म्हशीकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं.

"सुनील भैया," तिनं विचारलं, "समुंदर कितना दूर है?"

"ग्यारा किलोमीटर, मैडम. नो प्रॉब्लम."

प्रॉब्लम कोणाला नाही ते त्यानं सांगितलं नाही.

हॉटेल खरोखर देखणं होतं. दोन मजली, आठ खोल्या, पुढं चाफा. काउंटरवर कुसुमा नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, साडी चापूनचोपून नेसलेल्या. त्यांनी हसून इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यातला 'कार्ड' हा शब्द मला कळला. मी लगेच पोटाला बांधलेली पिशवी सोडली आणि आधार कार्ड ठेवलं. त्यांनी मान हलवली. पॅन कार्ड ठेवलं. मतदार कार्ड ठेवलं. मग केमिकल कंपनीचं, माझा थापी धरलेला फोटो असलेलं कार्ड ठेवलं. कुसुमाबाईंनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, फरशीकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "यस." त्या एवढ्या मनापासून हसल्या की बँकेचं कार्ड मागायचं विसरल्या.

खोलीत गेल्यावर रत्नानं खिडकी उघडली. समोर धान. धानात एक माणूस पाठीवर पंप घेऊन औषध मारत होता.

"हे पाहा तुमचा समुद्र," ती म्हणाली. "लाटा बी हिरव्याच हाय."

"रत्ना, ऐक तर—"

"अभनपूरले नेलं असतं ऑटोनं. हेच दिसलं असतं. संध्याकाळी घरी बी आलो असतो, अन् घरी मशीन बी असती. काहून आनलं मले येथं?"

मी बाथरूममध्ये गेलो. दुसरीकडं जायला जागा नव्हती. खिशातलं नाणं काढून टाइल वाजवायला लागलो. पोकळ असली की भांड्यासारखी बोलते. भिंत वाजवली, जमीन वाजवली, बेसिनखाली वाकून वाजवली. एकही पोकळ नाही. फोटोत होतं त्याहून सरस काम.

"बाथरूम मात्र एक नंबर निघालं," मी बाहेर येऊन म्हटलं.

"मंग दोन दिवस तिथंच बसा."

रत्ना रागावली तरी डोळे झाकत नाही. तिनं पलंग पाहिला: एवढा उंच की चढायला हात धरावा लागेल. माझा हात तिनं धरला नाही, स्टूल ओढलं. उशा मोजल्या, सहा. बाथरूममधल्या छोट्या बाटल्या उघडून एकेक हुंगली. "हे चाफ्याचं हाय वाटते. उद्या डोस्क्यावरून आंघोळ करीन," असं ती बाटलीला म्हणाली, मला नाही.

रात्रीचं जेवण पाइंटांतच होतं. लाल तांदळाचा भात, माशाचं काळपट तिखट कालवण, कोवळ्या फणसाची भाजी आणि खवलेल्या नारळाचा एक ठेचा. त्याला सांबोल म्हणतात. आपण ठेच्यात शेंगदाणे घालतो तिथं हे लोक नारळ घालतात, आणि तिखटाला मागं हटत नाहीत. विदर्भातल्या माणसाला दुसरं काय पाहिजे? रत्नानं दोनदा वाढून घेतलं. कुसुमाबाईंनी सुनीलकरवी सांगितलं की उद्या रात्री आमच्यासाठी खास जेवण करणार आहेत, खेकडे आणि सगळं. आणि मी सुनीलला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की उद्या सकाळी काही झालं तरी मैडमला समुद्रावर न्यायचं, माझ्या कपड्यांचा सवाल आहे. तो म्हणाला, "नो प्रॉब्लम."

पुनवेचा दिवस

सकाळी उठून पाहतो तर रत्ना पांढरी साडी नेसून तयार. नातीच्या नामकरणाच्या वंदनेसाठी आणलेली कोरी साडी.

"ही काहून नेसली?"

"आज पौर्णिमा हाय. देश बदलला म्हनून पौर्णिमा बदलते काय? तुम्ही बी पांढरा सदरा घाला."

आम्ही बौद्ध. आमच्या विहारात पौर्णिमेला बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, वंदना घेतात, खीर खातात आणि घरी जातात. मी सदरा घातला. मला वाटलं, समुद्राला तरी बरं दिसेल.

सुनीलनं आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. हात जोडले, पायातल्या चपला काढतो की काय असं वाटलं. ऑटो निघाली. समुद्र ज्या बाजूला होता त्या वळणावरून ती सरळ पुढं गेली.

"भैया, समुंदर?" मी विचारलं.

"हाँ हाँ. बाद में, बाद में."

दहा मिनिटांत आम्ही एका विहारापाशी होतो. पांढराशुभ्र स्तूप, भला मोठा पिंपळ, त्याच्याभोवती दगडी कठडा, सगळीकडं चाफ्याची फुलं. मंडपात चटयांवर शंभरेक बाया आणि थोडे म्हातारे पुरुष, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात. त्या दारात रत्नाचा राग पहिल्यांदा खाली बसला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी सरकली, चटईवर थाप मारून म्हणाली, "अक्का!"

"पाहा," रत्ना मला कुजबुजली. "अक्का म्हनून राहिली मले. आपल्यासारखंच." आणि जाऊन तिच्या मांडीला मांडी लावून बसली. मी मागं पुरुषांत बसलो.

भंतेंनी सुरुवात केली. शब्द न् शब्द ओळखीचा, चाल मात्र दुसरीच. आमच्या विहारात वंदना म्हणजे पॅसेंजर सुटायच्या आधीची घाई. इथं प्रत्येक अक्षराला बसायला खुर्ची. रत्नाचा आवाज मोठा, सवय जुनी. ती सगळ्यांच्या आधी ओळ संपवून एकटीच थांबायची आणि शंभर बाया मागून सावकाश पोचायच्या. म्हातारी हसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. तिसऱ्या ओळीपर्यंत रत्ना वळणावर आली.

मग भंते एकेक शील सांगायला लागले आणि लोक मागून म्हणायला लागले. पहिलं. दुसरं. तिसऱ्यात आमच्या 'कामेसु मिच्छाचारा'च्या जागी 'अब्रह्मचरिया' आला, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. त्या शब्दाचा अर्थ मी रत्नाला अजून सांगितलेला नाही. तशीही ती त्या दिवशी माझ्याशी बोलत नव्हती. चौथं झालं, पाचवं झालं. आमचं पंचशील पाचवर संपतं. मी हात सोडले. आणि भंते म्हणाले, "विकालभोजना..."

मी घाईनं हात पुन्हा जोडले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारातल्या म्हाताऱ्या हेच घेतात: अष्टशील. पाच नाही, आठ. सहावं म्हणजे दुपारी बारानंतर जेवण बंद. मी मान उंच करून रत्नाला खुणावलं. ती डोळे मिटून खणखणीत म्हणून राहिली होती. सातवं: नाच-गाणं, फुलं, अत्तर, सुगंध, सगळं बंद. आठवं: उंच पलंग, मोठा पलंग, बंद. माझ्या आजूबाजूचे म्हातारे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मीही म्हटलं. न म्हणण्याची हिंमत मला भारतात होत नाही, तिथं कुठून होणार?

शेवटी सगळे म्हणाले, "साधु, साधु, साधु." मी मनात म्हटलं, जेवणाचे आणि पलंगाचे पाइंट गेले.

सुनीलनं सांगितलं ते असं. इथं पौर्णिमेच्या सकाळी पांढरं नेसून त्या चटईवर बसणं म्हणजेच, मी आज आठ शीलं घेणार. ती दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत पाळायची. त्याला वाटलं, एवढ्या लांबून आम्ही त्यासाठीच आलो.

मी रत्नाला बाजूला घेतलं. "तुले कळलं होतं काय, सहावं सुरू झालं ते?"

"मले काय कान नाही काय? कळलं होतं."

"मंग थांबली काहून नाहीस?"

"एवढ्या बायांमदी मधातच थांबली असती त लोक काय म्हनले असते?"

त्या गावात आम्हाला ओळखणारं एक कुत्रंही नव्हतं. पण लोक ते लोक.

अकरा वाजता विहारातच जेवण वाढलं. भात, वरण, तीन भाज्या, शेवटी दही आणि काकवी. बारा वाजायच्या आत एवढं जेवलो की उठताना म्हाताऱ्यांनी मला हात दिला. मग मी सुनीलला म्हटलं, आता चल समुद्रावर. त्यानं जीभ चावली. शीलाला तो सिल म्हणायचा. "नहीं सर. सिल में समुंदर नहीं. वहाँ म्यूजिक, टूरिस्ट, कम कपड़ा. आँख का पाप."

"बरोबर हाय त्याचं," रत्ना म्हणाली.

हे तीच म्हणाली. मी ऐकलं.

ती चार वाजेपर्यंत त्या म्हातारीजवळ बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. म्हातारीनं मोबाइलवर आपली नातवंडं दाखवली, रत्नानं आपली एकुलती एक नात सतरा फोटोंत दाखवली. प्रवचन चालू होतं. मधूनच एखादा पालीतला शब्द ओळखीच्या माणसासारखा वर यायचा आणि पुन्हा गर्दीत जायचा.

हॉटेलात परतलो तेव्हा उन्हं उतरत होती. टेबल मांडलेलं. खेकड्यांचं कालवण, कोळंबी, तव्यावरचे वाडग्यासारखे आप्पे. कुसुमाबाई पुढं आल्या, आमचे पांढरे कपडे पाहिले, आणि हळूच हात जोडले. झाकणं परत गेली. वासही गेला, पण हळूहळू. आम्हाला बिनदुधाचा चहा मिळाला.

खोलीत रत्ना बाटल्यांसमोर उभी राहिली. चाफ्याची बाटली उघडली नाही, नुसती सरळ करून ठेवली. मग पलंगाकडं पाहिलं.

"झोप ना वर," मी म्हटलं. "कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना."

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. साहू दीदी.

रत्नानं फोनकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. खिडकीत धान. "घ्या, तुम्ही बोला," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

"मी काय बोलू? विचारतील समुद्र कुठी हाय. खोटं बोलायचं नाही, चौथं शील."

"ते मले बी हाय!"

फोन वाजत राहिला. आम्ही दोघांनी तो मधोमध फरशीवर ठेवला आणि विंचू निघाल्यासारखे बाजूला झालो. थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा रत्नानं त्यावर उशी ठेवली. मला हसू फुटलं. मी दाबलं. मग पाहिलं तर तिचे खांदे हलत होते. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि तेही तोंडात पदर कोंबून, कारण हसणं कोणत्या शिलात बसतं ते आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं.

कुसुमाबाईंनी दोन चटया पाठवल्या. सहा उशांचा पलंग रिकामाच राहिला.

निघायचा दिवस

सकाळी सुनीलनं सांगितलं, शील सुटलं. रत्नानं आधी डोक्यावरून आंघोळ केली आणि चाफ्याचा वास घेऊन बाहेर आली. नाश्त्याला नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात होता, वर मिरचीचा गोळा. आम्ही दोघांनी मिळून पाच जणांचा खाल्ला. निघताना कुसुमाबाईंनी मला हाताला धरून मागच्या आवारात नेलं. तिथं एका नव्या खोलीत टाइलचं काम चाललं होतं. मी नाणं काढून वाजवलं. दोन टाइली बोलल्या. मी बोट दाखवलं. तिथला मिस्त्री आधी रागावला, मग त्यानंही वाजवून पाहिलं, आणि मला बिडी देऊ केली. जगात कुठंही जा, हा आवाज सारखाच असतो.

विमानाला वेळ होता. सुनीलनं न विचारता ऑटो त्या वळणावर घातली, यावेळी बरोबर बाजूला.

समुद्राबद्दल खूप लिहिलेलं असतं म्हणतात, त्यामुळे मी थोडंच लिहितो. आधी वास आला, मग वारा, मग रस्ता संपला. मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली, माणसं जाळ्यांतून मासे झटकत होती. रत्ना चपला हातात घेऊन उतरली आणि पाण्याच्या दहा पावलं अलीकडं थांबली. मी मागं पिशव्या धरून उभा. निकाल लागायच्या आधी माणूस उभा असतो तसा.

"याले थकवा नाही येत काय?" तिनं विचारलं.

"कोणाले?"

"यालेच. कवापासून येऊन राहिला असन."

मग ती पुढं गेली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. एक लाट आली आणि तिला कमरेपर्यंत भिजवून गेली. ती ओरडली, "अगं माय!" आणि होडीवाले हसले. माझ्या शर्टाला धरून तिनं मलाही आत ओढलं. पासपोर्टची पिशवी मी डोक्यावर धरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. साहू दीदी. या वेळी रत्नानं ओल्या हातानंच उचलला आणि फोन समुद्राकडं फिरवला.

"अई दाई! कतका बड़े समुंदर!" दीदी ओरडल्या. "काल ले फोन करत हँव, उठावत काबर नइ हो?" कालपासून फोन का उचलला नाही हे विचारून झाल्यावर, आमच्या शेजारी वीस वर्षं राहिलेल्या बाईच्या सावध आवाजात त्यांनी विचारलं, "अउ होटल? होटल ले दिखथे का?"

रत्नानं माझ्याकडं पाहिलं. मी भिजलेला, डोक्यावर पिशवी, पायाखालची वाळू सरकत होती. या एका उत्तरावर माझे उरलेल्या आयुष्याचे कपडे टांगलेले होते.

"होटल से?" ती म्हणाली. "खिड़की खोलो तो पाँव भीग जाते हैं, दीदी. प्रज्ञा के बाबा ने एकदम छाँट के लिया है."

आठ शीलं सुटली होती, पण पाच रोजचीच असतात. म्हणून मी समुद्राकडं तोंड केलं, ओठ न हलवता चौथं पुन्हा घेतलं, आणि तिच्या वाट्याचंही घेऊन टाकलं.